अठरा आठवड्यांचा अभ्यास

शाळेंत शिकविणाऱ्या माणसाचा छंद फार दिवस झांकून राहत नाहीं. पहांटेच्या अंधारांत भुईकोट किल्ल्याकडच्या रस्त्यानें धावणारा मनुष्य म्हणजे आपले इतिहासाचे शिक्षक, हें दूध घालण्यास निघालेल्या एखाद्या विद्यार्थ्यानें पाहिलें, कीं मधल्या सुट्टीपर्यंत तें साऱ्या शाळेस कळतें. सन २०२४ च्या पावसाळ्यांत मीं मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीसाठीं नांव नोंदविलें, ती वार्ताहि अशीच पसरली. नववीच्या वर्गांत एका मुलानें उठून विचारलें, "सर, तुमचा पहिला नंबर तर येणार नाहीं. मग एवढें धावतां कशाला?" वर्ग हंसला, मीहि हंसलों. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता; सरळ होता. परंतु घंटा होण्यास चार मिनिटें उरलीं असतां त्याचें उत्तर देतां येण्यासारखें नव्हतें. तें या अंकाच्या निमित्तानें सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

प्रथम या शर्यतीची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. मॅरेथॉन हें ग्रीस देशांतील एका मैदानाचें नांव. इ. स. पूर्वीं ४९० या वर्षीं तेथें अथेन्सच्या सैन्यानें इराणी सैन्याचा पराभव केला. ती वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावत गेला आणि वार्ता सांगतांच गतप्राण झाला, अशी कथा मागाहूनच्या ग्रंथकारांनीं लिहून ठेविली आहे. लढाईच्या काळास अधिक जवळ असलेला इतिहासकार हेरोडोटस ही कथा सांगत नाहीं. त्याचा जासूद मदत मागण्यासाठीं स्पार्टाकडे धावतो. इतिहासाच्या शिक्षकास हा भेद सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. १८९६ सालीं अथेन्स येथें अर्वाचीन ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हां या कथेस स्मरून सुमारें ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यांत आली, व पाणी वाहून उदरनिर्वाह करणाऱ्या स्पिरिदोन लुईस नांवाच्या ग्रीक तरुणानें ती २ तास ५८ मिनिटें ५० सेकंदांत जिंकली. १९०८ च्या लंडन येथील सामन्यांत ही शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून क्रीडांगणांतील राजघराण्याच्या आसनांपुढें संपावी अशी व्यवस्था करण्यांत आली. तें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर भरलें, व १९२१ पासून तेंच प्रमाण म्हणून कायम झालें.

या शर्यतीचा आपल्या भागाशीं संबंध फार जुना आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धावतांना पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत हिंदी खेळाडूंस ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार आला. १९२० सालीं अँटवर्प येथें गेलेल्या त्या पहिल्या पथकांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉन धावले, व २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत ती पुरी करून १९ वे आले. पुढें १९७६ सालीं मॉन्ट्रियल येथें शिवनाथ सिंग ११ वे आले. या दोघांपैकीं कोणाचाहि पहिला क्रमांक आला नाहीं. तरीहि मीं वर्गांत हीं नांवें घेतलीं, कीं मुलें कान टवकारून ऐकतात.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. ४२ किलोमीटर म्हणजे २१ किलोमीटरांची दुप्पट, असें गणितांत ठरतें. शरीराच्या हिशेबांत तसें ठरत नाहीं. मनुष्य धावतो तेव्हां वजनाच्या दर किलोमागें व अंतराच्या दर किलोमीटरमागें सुमारें एक किलोकॅलरी शक्ति खर्च होते. माझें वजन ६६ किलो. तेव्हां संपूर्ण शर्यतीस २,७०० हून अधिक किलोकॅलरी हव्यात. स्नायूंत व यकृतांत ग्लायकोजेन या रूपानें जी साखर सांठविलेली असते, ती सामान्यतः १,६०० ते २,००० किलोकॅलरी एवढी. बाकीची तूट शरीरांतील चरबीनें भरून काढावयाची असते. परंतु चरबी हें धिमें इंधन आहे, घाई केली तर तें पुरवठा करीत नाहीं. म्हणून जो आरंभीं जोरांत धावतो, त्याची साखर तिसाव्या किलोमीटरच्या पुढें संपूं लागते. पाय जड होतात, डोकें चालेनासें होतें, आणि उरलेले दहा-बारा किलोमीटर संपतां संपत नाहींत. धावपटू या अवस्थेस 'भिंत' म्हणतात. १९०८ च्या त्याच लंडनच्या शर्यतींत, उन्हाच्या दिवशीं, इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांच्या आधीं क्रीडांगणांत शिरला. पण तो भलत्या दिशेस वळला, पुनःपुन्हां पडला, आणि पंचांनीं हात देऊन त्यास शेवटच्या रेषेपार नेल्यामुळें तो बाद ठरला. अवघे कांहीं मीटर उरले असतां त्याची ही स्थिति झाली.

या भिंतीपलीकडे जाण्याचा उपाय ऐकून नवख्या माणसास आश्चर्य वाटतें. उपाय असा, कीं आठवड्यांतील बहुतेक दिवस सावकाश धावावें. जगांतील उत्तमोत्तम लांब पल्ल्याच्या खेळाडूंच्या सरावाची ज्यांनीं मोजदाद केली, त्यांस असें आढळलें, कीं त्यांच्या सरावाचा सुमारें चार-पंचमांश भाग हा सहज बोलतां येईल अशा गतीचा असतो. अशा धावण्यानें स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, पेशींमधील शक्ति निर्माण करणारे मायटोकाँड्रिया वाढतात, आणि चरबी जाळून साखर राखण्याची संवय शरीरास लागते. शिवाय हृदय व फुप्फुसें लवकर तयार होतात, परंतु कंडरा व हाडें यांस फार अवधि लागतो. सावकाश धावण्यानें त्यांस तो मिळतो. मुंबईस मला किलोमीटरमागें ५ मिनिटें २० सेकंद या गतीनें धावावयाचें होतें, म्हणजे पावणेचार तासांत शर्यत पुरी झाली असती. सरावांत मात्र मी आठवड्यांतून चार दिवस ६ मिनिटें ३० सेकंदांच्या गतीनें धावत असें. शर्यतीच्या गतीनें अथवा तिच्याहून वेगानें धावण्याचा दिवस एकच, बुधवार. रविवारीं लांबची धाव, आणि सोमवारीं मुळींच धावावयाचें नाहीं.

ऐकण्यास हें सोपें वाटतें. अकरा वर्षें धावल्यावर आणि आठ मॅरेथॉन पुऱ्या केल्यावरहि मला सर्वांत कठीण वाटतें तें हेंच. आपल्या गांवांत, म्हणजे अहिल्यानगरांत (आपण सारे त्यास नगरच म्हणतों), आम्हां धावणाऱ्यांचें एक लहानसें मंडळ आहे. त्यांत वकील आहेत, दुकानदार आहेत, एक दंतवैद्य बाई आहेत, आणि सर्वांत वडील असे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांचें वय ६३. मंगळवारच्या एका सकाळीं आम्ही दोघे आमच्या ठरलेल्या धिम्या गतीनें चाललों असतां मंडळांतील एक पंचविशीचा तरुण आम्हांस मागें टाकून सुसाट पुढें गेला. माझी पावलें आपोआप लांब पडूं लागलीं. सुभेदारसाहेब शांतपणें म्हणाले, "सर, त्याला जाऊं द्या. आज आपला वार नाहीं." त्या दिवसापासून हें वाक्य आमच्या मंडळांत म्हणीसारखें झालें आहे. दुसऱ्याची गति पाहून आपली गति न बदलणें, ही गोष्ट पायांनीं शिकावयाची नसून मनानें शिकावयाची असते.

या खेपेस हा अभ्यास आमच्या घरांत दोघांनीं केला, हें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं. ऑगस्टच्या अखेरीस माझी आई मोरीपाशीं पाय घसरून पडली व तिच्या खुब्याचें हाड मोडलें. तिचें वय ७४. शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली, आणि आठवड्याभरानें आम्ही तिला घरीं आणलें. नांव मागें घ्यावें असें मला वाटूं लागलें. आई अंथरुणावर असतां मुलानें रोज पहांटे तास-दीड तास रस्त्यानें धावत सुटावें, हें योग्य आहे काय? केवळ स्वतःच्या आवडीच्या गोष्टीस घरांतील वेळ किती द्यावा, हा प्रश्न प्रत्येक संसारी माणसापुढें असतो. माझ्यापुढें तो त्या दिवसांत नुसता प्रश्न राहिला नव्हता. माझी पत्नी परिचारिका आहे. तिच्या पाळ्या कधीं दिवसाच्या, कधीं रात्रीच्या. मीं तिला विचारलें. ती म्हणाली, "धावणें सोडून तुम्ही घरांत उदास बसलेले आईंना बघवणार नाहीं. वेळ ठरवून घ्या, आणि त्या वेळांत बसेल तेवढेंच धावा." त्याप्रमाणें आम्हीं ठरविलें. आठवड्याच्या दिवशीं सव्वासहाच्या आंत मी घरीं हजर. रविवारीं आमचा आठवींतला मुलगा लवकर उठून आजीजवळ बसेल, तिला चहा देईल. जी धाव या चौकटींत बसणार नाहीं, ती त्या दिवशीं व्हावयाची नाहीं.

१६ सप्टेंबर रोजीं सोमवारीं माझे अठरा आठवडे सुरू झाले. आईचा अभ्यास त्यापूर्वींच सुरू झाला होता. फिजिओथेरपीच्या बाई येत. प्रथम पलंगाच्या कडेवर बसणें, मग वॉकर धरून उभें राहणें, मग दहा पावलें. नंतर ओसरीपर्यंत, नंतर ओसरीची एक फेरी. माझी आई तीस वर्षें जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका होती. नेमून दिलेल्याहून अधिक करून दाखविणें हा तिचा जन्माचा स्वभाव. बाईंनीं दोन फेऱ्या सांगितल्या होत्या. एके दिवशीं आम्ही कोणी घरांत नाहीं असें पाहून तिनें चार फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशीं पाय सुजला, आणि दोन दिवस तिला पलंगावरून उतरतां आलें नाहीं. बाई रागावल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, "आजी, दोन सांगितल्या तर दोनच. तिसरी माझी आहे, ती मी पुढच्या आठवड्यांत देईन." आई मला म्हणाली, "अरे, मला वाटलें, जितकें जास्त करीन तितकी लवकर बरी होईन."

तिचें हें बोलणें माझ्या ध्यानांत राहिलें, कारण त्याच आठवड्यांत माझी तीच परीक्षा झाली. त्या रविवारीं वेळापत्रकांत २० किलोमीटर होते. पाऊस उघडला होता, हवा थंड होती, आणि अठराव्या किलोमीटरवर पाय इतके हलके वाटत होते, कीं आणखी आठ सहज झाले असते. मी विसावर थांबलों व उरलेलें अंतर चालत घरीं आलों. शरीर बळकट होतें तें धावण्याच्या वेळीं होत नाहीं. धावण्यानें स्नायूंत सूक्ष्म इजा होतात, सांठा रिकामा होतो. त्या इजा भरून येतांना आणि सांठा पुन्हां भरतांना शरीर पूर्वींपेक्षां थोडें अधिक समर्थ होतें. हें काम झोपेंत आणि विश्रांतींत चालतें. जो ह्या कामास वेळ देत नाहीं, तो घाम पुष्कळ गाळतो व फळ गमावतो. म्हणूनच तीन आठवडे अंतर वाढवीत न्यावयाचें आणि चौथ्या आठवड्यांत मुद्दाम कमी करावयाचें, अशी आमची पद्धत आहे.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलें असतें. मुलानें त्यावर दोन हिशेब मांडण्यास सुरुवात केली: निळ्या शाईनें माझे किलोमीटर, तांबड्या शाईनें आजीच्या फेऱ्या. नाग्याच्या दिवशीं तो रेघ ओढी. ऑक्टोबरच्या अखेरीस माझा आठवडा ६० किलोमीटरांवर आला, आणि आई वॉकर घेऊन अंगणांतल्या तुळशीच्या कट्ट्यापर्यंत—हें घर आमच्या आधीं ज्यांचें होतें, त्यांनीं तो बांधला होता—जाऊं लागली. दोन्ही शायांच्या मधून मधून ओढलेल्या रेघा पाहून मला प्रथम चुकल्यासारखें वाटे. पुढें त्या रेघांचेंहि मोल कळूं लागलें.

नोव्हेंबरांत एक विघ्न आलें, तें शिक्षकांच्या परिचयाचें आहे. २० नोव्हेंबर रोजीं विधानसभेचें मतदान होतें. आदल्या दिवशीं यंत्रें ताब्यांत घेऊन आम्ही तालुक्यांतल्या एका खेड्यांतील केंद्रावर गेलों, रात्रीं शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून पडलों, पहांटे चारपासून कामास लागलों, आणि दुसऱ्या दिवशीं यंत्रें परत करून मध्यरात्रीनंतर घरीं आलों. त्या आठवड्यांत चार दिवस धाव बुडाली. अशा वेळीं बुडालेलें अंतर पुढच्या आठवड्यांत भरून काढण्याची इच्छा होते. अनुभवी लोक तसें करीत नाहींत. बुडालें तें बुडालें. दुसऱ्या दिवशींच्या रकान्यांत जें लिहिलें असेल, तेवढेंच करावयाचें. अठरा आठवड्यांच्या इमारतींतील एक वीट गळाल्यानें इमारत पडत नाहीं. परंतु एकीच्या जागीं घाईनें चार कोंबल्या, तर भिंतीस तडा जातो.

डिसेंबर उजाडला आणि नगरची कोरडी थंडी पडूं लागली. धावण्यास याहून सुंदर ऋतु नाहीं. नाताळच्या आठवड्यांत रात्रीं गायनाच्या फेऱ्या, घरीं करंज्या-चकल्यांचे डबे, आणि पहांटेचा गजर, या तिहींचा मेळ घालणें अवघड होतें. परंतु त्या आठवड्यांतहि बुधवारची, म्हणजे खुद्द नाताळची, धाव सोडून बाकीच्या साऱ्या झाल्या. त्या दिवशीं निळ्या शाईची रेघ होती, आणि तिच्या शेजारीं तांबड्या शाईनें मुलानें लिहिलें होतें: 'रिक्षापासून देवळांतल्या बांकापर्यंत, काठीनें.' वॉकर त्या दिवशीं घरीं राहिला होता.

२९ डिसेंबर हा शेवटच्या लांब धावेचा दिवस. ३२ किलोमीटर. पहांटे चार वाजतां आम्ही सहा जण कपाळांवर दिवे बांधून आणि चमकणारीं जाकिटें घालून पाथर्डीच्या रस्त्यास लागलों. गांवापासून सुमारें १३ किलोमीटरांवर डोंगरमाथ्यावर जी अष्टकोनी इमारत दिसते, तिला आपण चांदबिबीचा महाल म्हणतों. वस्तुतः ती मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. पायथ्याशीं पोंचेपर्यंत कोणी फारसें बोललें नाहीं. चढावर सुभेदारसाहेब चालूं लागले, तेव्हां त्यांच्या मागोमाग आम्ही सारेच चाललों. चढावर चालणें ही त्यांच्या मतें शरम नव्हे, हिशेब आहे. वर पोंचलों तेव्हां पूर्वेस तांबडें फुटत होतें व खालीं नगरचे दिवे अद्याप जळत होते. परततांना पंचविसाव्या किलोमीटरनंतर पोटऱ्या बोलूं लागल्या, तरी गति तुटली नाहीं. घरीं येऊन स्नान करून नवाच्या उपासनेस वेळेवर जातां आलें. उपदेशाच्या वेळीं डोळे मिटत होते कीं काय, याची चौकशी वाचकांनीं करूं नये.

यापुढें तीन आठवडे उरले, आणि तेच धावपटूस सर्वांत जड जातात. आठवड्याचें अंतर ७२ किलोमीटरांवरून ५० वर, मग ३६ वर आणावयाचें, आणि शर्यतीच्या आठवड्यांत केवळ पाय मोकळे करावयाचे. पाय शिवशिवतात, मनांत शंका येतात. इतके दिवस मिळविलेलें बळ या विश्रांतींत ओसरून तर जाणार नाहीं ना? ज्यास ही भीति आवरत नाहीं तो शेवटच्या आठवड्यांत आणखी एक मोठी धाव मारून घेतो, व शर्यतीच्या दिवशीं थकलेले पाय घेऊन उभा राहतो. वास्तविक दोन-तीन आठवड्यांच्या अशा विश्रांतीनें बळ ओसरत नाहीं. उलट तें या काळांतच पक्कें होतें. शेवटच्या घटकेस नवीन कांहीं मिळवितां येत नाहीं, असलेलें राखतां येतें.

१९ जानेवारी २०२५ रोजीं, रविवारीं, पहांटे पांच वाजतां छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपाशीं हजारों माणसांत मी उभा राहिलों. नगरच्या कोरड्या हवेंतून मुंबईच्या दमट हवेंत आलेल्या माणसाचा सदरा पहिल्या दोन किलोमीटरांतच अंगास चिकटतो. घाम वाळत नाहीं, म्हणून अंग थंड होत नाहीं, आणि तीच गति राखण्यास हृदयास अधिक कष्ट पडतात. पांचव्या किलोमीटरवर घड्याळांतील नाडीचे ठोके पाहून मीं ठरविलें, कीं पावणेचार तासांचा हट्ट आज धरावयाचा नाहीं. किलोमीटरमागें चार-पांच सेकंद सोडले. शेजारून लोक झपाझप पुढें जात होते, आणि सुभेदारसाहेबांचें वाक्य मी मनांत घोळवीत होतों. समुद्रावरील पुलावर वारा लागला. अर्धी शर्यत १ तास ५३ मिनिटांत झाली. पुढें रस्त्यांच्या दुतर्फा मुंबईकर उभे होते. लहान मुलें सोललेल्या संत्र्यांच्या फोडी पुढें करीत होतीं, आजीबाई मिठाची चिमूट देत होत्या, आणि कोणाचेंहि नांव ठाऊक नसतां सर्वांस नांवानें हांका मारीत होते. नांवें छातीवरच्या कागदावर छापलेलीं असतात. तिसाव्या किलोमीटरनंतर पूर्वीं पुढें गेलेल्यांपैकीं पुष्कळ जण चालतांना दिसूं लागले. पेडर रोडचा चढ अशा जागीं येतो, कीं त्या वेळीं तो आपल्या चांदबिबीच्या डोंगराएवढा वाटतो. मी तो धावत चढलों. शर्यत ३ तास ४९ मिनिटांत पुरी झाली. योजिलेल्याहून चार मिनिटें अधिक लागलीं. परंतु दुसरें अर्ध पहिल्यापेक्षां तीनच मिनिटांनीं सावकाश झालें होतें. माझ्यापुढें शेंकडो धावपटू आले. भिंत मात्र आडवी आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं घरीं ओसरीच्या पायऱ्या मी भिंतीस धरून, आडवा होऊन, एकेक करून उतरत होतों. आई खुर्चीवर बसून पाहत होती. ती म्हणाली, "माझी काठी घे हवी तर. मला आतां घरांत लागत नाहीं."

आतां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर. शर्यत एका सकाळची असते. अभ्यास १२५ दिवसांचा होता. पहिला क्रमांक एकालाच मिळतो, आणि तो मिळविण्याची पात्रता ज्यांच्या अंगीं असते त्यांनीं त्यासाठीं अवश्य झटावें. परंतु आज नेमून घेतलेलें काम आज करणें, जास्तीचा मोह झाला तरी थांबणें, बुडालेल्या दिवसाबद्दल हताश न होणें, आणि शेजाऱ्याची गति पाहून आपली न बदलणें, या चार गोष्टी प्रत्येकास मिळवितां येतात. त्या मिळविण्यास मला धावण्यासारखी दुसरी शाळा आढळली नाहीं. माझ्या आईस ती शाळा आमच्या ओसरीवरच सांपडली.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कोणास हौस असेल तर त्यानें अवश्य धावावें. परंतु ४२ किलोमीटर नव्हे. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्यें १८ वर्षांखालील कोणास घेत नाहींत, आणि तो नियम योग्य आहे. वाढत्या हाडांवर इतका भार घालूं नये. तुम्हीं दोन किलोमीटर धावावें, मित्राशीं बोलतां येईल इतक्या सावकाश, आठवड्यांतून तीन दिवस. मुलींनींहि हें आपणांस सांगितलें नाहीं असें समजूं नये. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हती. स्त्रियांस तें अंतर झेपणार नाहीं, असें तोंपर्यंत पुष्कळ पुरुष मानीत. सातारा जिल्ह्यांतील ललिता बाबर मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत पहिली आली, व २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धावून दहावी आली.

शेवटीं पालकांस एक निवेदन करावयाचें आहे. जून २०२५ पासून मीं नववीच्या वर्गास सोमवारीं इतिहासाचा गृहपाठ देणें बंद केलें. कांहीं पालकांनीं भेटून, दहावी जवळ आली असतां ही ढिलाई कशासाठीं, असें विचारलें. त्यांची काळजी खरी आहे. परंतु १३ ते १८ या वयांत रोज ८ ते १० तास झोप हवी, असें वैद्यकशास्त्र सांगतें. आणि दिवसा शिकलेलें झोपेंत मनांत पक्कें होतें. शाळा, शिकवणी, पुन्हां घरचा अभ्यास, असे सात दिवस भरून काढलेले कित्येक विद्यार्थी मीं परीक्षेच्या महिन्यांत पाहिले आहेत. फेब्रुवारींत त्यांचे डोळे तिसाव्या किलोमीटरवरच्या धावपटूसारखे दिसतात. उरलेल्या दिवशीं मी पूर्वींइतकाच अभ्यास देतों, आणि तो पुरा झाला आहे कीं नाहीं हें पूर्वींपेक्षां अधिक कसून पाहतों. आपल्या मुलांच्या वेळापत्रकांत सोमवारचा माझा रकाना कोरा दिसेल. तो कृपा करून दुसऱ्या कशानें भरूं नये.